पोलिसांवर लक्ष ठेवणाऱ्यांचा पगार: कागद कुठून काढायचे, गणित कसे करायचे, मागणी कुठे मांडायची

मोहल्ला कमिटीत किंवा सोसायटीच्या गच्चीवरच्या बैठकीत पोलिसांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारते, "आपल्या करातून पगार जातो, मग आयुक्तांचा पगार ठरवताना आपल्याला कोण विचारते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात संपते: तो पगार महापालिका ठरवत नाही आणि राज्य सरकारही ठरवत नाही, तो दिल्लीत ठरतो. त्यामुळे आयुक्तांच्या पगारावर निवेदन लिहिण्यात सहा महिने घालवू नका.

आपला हात पोचतो असा पगार वेगळाच आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. त्याच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना किती पैसे द्यायचे, कशाच्या आधारावर द्यायचे आणि कोणाच्या तिजोरीतून द्यायचे, हे मंत्रालयात ठरते. ते आकडे कसे मिळवायचे, तपासायचे आणि बदलायला कसे लावायचे, याची ही पद्धत आहे.

आयुक्तांच्या पगाराचा विषय आधी हातावेगळा करा

सभेत तो प्रश्न येणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. मुंबईचे पोलीस आयुक्त आयपीएस असतात. त्यांचे वेतन आयपीएस वेतन नियम २०१६ आणि सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्याप्रमाणे मिळते. आयुक्तपदाचा दर्जा कधी अपर महासंचालकाचा असतो, कधी महासंचालकाचा. अपर महासंचालक म्हणजे तक्त्यातली लेव्हल १५, मूळ वेतन १,८२,२०० ते २,२४,१०० रुपये. महासंचालक लेव्हल १६, म्हणजे २,०५,४०० ते २,२४,४००. राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख लेव्हल १७, सरसकट २,२५,०००. लेव्हल १६ चे वरचे टोक आणि दलप्रमुखाचे वेतन यांत फरक फक्त ६०० रुपयांचा आहे. इतक्या वर गेल्यावर कोणी पगारासाठी खुर्ची बदलत नाही. खुर्ची किती काळ टिकते आणि पुढे कुठे जाता येते, यावर सगळे चालते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंग प्रकरणात दिलेल्या सात निर्देशांत पगाराऐवजी किमान दोन वर्षांच्या कार्यकाळावर भर आहे.

खालच्या पायऱ्याही लक्षात ठेवा. सहपोलीस आयुक्त, म्हणजे महानिरीक्षक दर्जा, लेव्हल १४: १,४४,२०० पासून. अपर आयुक्त, म्हणजे उपमहानिरीक्षक दर्जा, लेव्हल १३-ए: १,३१,१०० पासून. हे सगळे मूळ वेतन आहे. त्यावर महागाई भत्ता मिळतो, आणि सरकारी निवासस्थान घेतले नसेल तर घरभाडे भत्ताही.

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाचे काम सुरू आहे. अध्यक्षा आहेत न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, ज्या आधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. आयोगाला अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. तेव्हा आज लिहिलेले आकडे पुढे बदलतील. निवेदनात रकमेबरोबर "लेव्हल" आणि "सूत्र" लिहिण्याची सवय लावा, म्हणजे कागद शिळा होत नाही.

इंग्लंड आणि वेल्सचे उदाहरण कोणीतरी देईलच. तिथे २०१२ पासून निवडून आलेले पोलीस कमिशनर असतात आणि ते नव्या पोलीसप्रमुखाचा पगार ठरीव दरापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमीजास्त करू शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही. ती आणायची तर अखिल भारतीय सेवांचा कायदाच बदलावा लागेल. चर्चेला विषय चांगला, निवेदनाला निरुपयोगी.

लक्ष ठेवणाऱ्यांबद्दल कायदा काय सांगतो

प्रकाश सिंग निकालाचा सहावा निर्देश तक्रार प्राधिकरणांबद्दल आहे, आणि त्यातले एक वाक्य या सगळ्या कामाचा पाया आहे: सदस्यांनी प्राधिकरणासाठी पूर्णवेळ काम करावे आणि त्यांना सेवेबद्दल योग्य मोबदला द्यावा लागेल. "पूर्णवेळ" आणि "योग्य मोबदला" हे दोन्ही शब्द तिथे एकत्र आहेत. निवेदनात ते एकत्रच उद्धृत करा. सरकारी उत्तरात बहुतेक वेळा पहिला शब्द राहतो आणि दुसरा गळतो.

त्याच निर्देशात नेमणुकीचा मार्गही आहे. राज्य प्राधिकरणाचा अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा आणि मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून निवडावा, तर सदस्य मानवी हक्क आयोग, लोकायुक्त किंवा लोकसेवा आयोगाने केलेल्या यादीतून घ्यावेत.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये दुरुस्ती करून कलम २२-पी आणि पुढची कलमे घातली. राज्य पातळीवर एक प्राधिकरण, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. महसूल विभागांसाठी विभागीय प्राधिकरणे, अध्यक्ष निवृत्त प्रधान जिल्हा न्यायाधीश. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे कोकण विभागात येतात. ढोबळ वाटणी अशी की सहायक आयुक्त आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार राज्य प्राधिकरणाकडे, वरिष्ठ निरीक्षकापर्यंतची विभागीयकडे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, हे विषय कायद्यात नमूद आहेत.

काम सुरू करण्याआधी कलम २२-पी चा मराठी मजकूर स्वतः वाचा आणि सदस्यांची यादी वेगळ्या कागदावर उतरवा: कोण निवृत्त, कोण सेवारत, कोण नागरी समाजातून. पुढचे सगळे गणित या यादीवर चालते.

वेतन की मानधन

हा फरक चुकला तर बाकीचे बरोबर असूनही काम फुकट जाते.

"वेतन" म्हटले की त्याला महागाई भत्ता, घरभाडे, रजा आणि प्रवासाचे नियम चिकटतात. "मानधन" म्हटले की शासन निर्णयात लिहिलेला आकडा तेवढाच मिळतो, आणि तो वाढवायला नवा शासन निर्णय लागतो. "बैठक भत्ता" म्हटले की माणूस पूर्णवेळ राहिलाच नाही. तो बैठकीला येतो, सह्या करतो आणि जातो. शासन निर्णयात यांतला कोणता शब्द आहे, तो शोधा आणि अधोरेखित करा. एकाच प्राधिकरणात अध्यक्षांना वेतन आणि नागरी सदस्याला मानधन असेल तर ते ठळक लिहा. नागरी सदस्य कायद्याने पूर्ण सदस्य असतो, पण पैशाच्या कागदावर पाहुणा ठरतो.

गणित

निवृत्त न्यायाधीशांना एखाद्या पदावर नेमताना सरसकट वापरले जाणारे सूत्र आहे "शेवटचे वेतन वजा निवृत्तिवेतन". ते आकड्यांत मांडून पाहा.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन महिना २,२५,००० रुपये आणि पूर्ण निवृत्तिवेतन वर्षाला १३,५०,०००, म्हणजे महिना १,१२,५००. वजाबाकी केली की अध्यक्षांना पदाचे म्हणून मिळतात १,१२,५०० रुपये.

आता त्याच टेबलावर बसलेला निवृत्त पोलीस अधिकारी घ्या. तो लेव्हल १५ च्या वरच्या टोकावरून, म्हणजे २,२४,१०० वरून निवृत्त झाला असेल तर निम्मे निवृत्तिवेतन १,१२,०५०, आणि पदाचे मिळणारही तेवढेच. अध्यक्ष आणि पोलीस सदस्य यांच्यात फरक ४५० रुपयांचा.

नागरी समाजातून आलेल्या सदस्याला "शेवटचे सरकारी वेतन" नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. सूत्र त्याच्यापाशी येऊन थांबते. त्याच्यासाठी स्वतंत्र आकडा लिहिलाच पाहिजे. तो लिहिला नसेल तर पद रिकामे राहते, किंवा ज्याला पैशाची गरज नाही अशा माणसाकडे जाते. धारावीत किंवा गोवंडीत वीस वर्षे काम केलेला कार्यकर्ता पाच आकडी मानधनावर पूर्णवेळ बसू शकत नाही. पगाराच्या आकड्यांत सगळ्यात आधी हीच दुरुस्ती मागा.

विभागीय पातळीवर दुसरीच गंमत होते. जिल्हा न्यायाधीशांच्या वरच्या दोन वेतनश्रेण्यांपैकी निवडश्रेणीची सुरुवात १,६३,०३० वर आहे, सुपर टाइम श्रेणीची १,९९,१०० वर. सूत्र लावले तर एका विभागाच्या अध्यक्षांना ८१,५१५ आणि दुसऱ्याला ९९,५५० मिळतील. काम, तक्रारी आणि अधिकार तेच, फरक १८,०३५ रुपयांचा. पगार पदाचा न राहता त्या माणसाच्या सेवापुस्तकाचा होतो. म्हणून मागणी अशी करा की आधी पदाचे वेतन ठरवा आणि मग त्यातून निवृत्तिवेतन वजा करा. वजाबाकी चालेल, पण ज्या आकड्यातून ती करायची तो सगळ्यांना एकच हवा.

तुलनेसाठी माहिती आयुक्तांचे पद घ्या. २०१९ च्या नियमांनी राज्य माहिती आयुक्तांचे वेतन २,२५,००० असे थेट लिहिले आहे. तिथे पदाला आकडा आहे. हे उदाहरण कामाचे आहे, पण जपून वापरा: त्याच वर्षी माहिती अधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने तो आकडा ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला, त्यावर बरीच टीका झाली, आणि समोरचा अधिकारी ते तुम्हाला ऐकवेल.

महागाई भत्ता कशावर, हा पुढचा प्रश्न. केंद्राचा महागाई भत्ता जानेवारी २०२४ पासून ५० टक्के झाला आणि नंतर आणखी वाढला. हिशेबासाठी ५० टक्केच धरू. १,१२,५०० वर तो होतो ५६,२५०. अध्यक्षांना "एकत्रित मानधन १,१२,५००" दिले तर महिन्याला एवढे पैसे गेले. उलट भत्ता पूर्ण २,२५,००० वर दिला आणि निवृत्तिवेतनावरची महागाई वाढही चालू राहिली, तर निम्म्या रकमेवर भत्ता दोनदा गेला आणि लेखापरीक्षणात ती वसुली निघणार. भत्ता वजाबाकीनंतरच्या रकमेवर, हे वाक्य शासन निर्णयात आहे का ते पाहा.

मुंबईत घराचा प्रश्न पगाराहून मोठा असतो. केंद्राच्या नियमाने एक्स दर्जाच्या, म्हणजे मुंबईसारख्या मोठ्या शहरात घरभाडे ३० टक्के. ते २,२५,००० वर ६७,५०० होते आणि १,१२,५०० वर ३३,७५०. या दुसऱ्या रकमेत चर्चगेट-दादर पट्ट्यात राहण्याजोगे घर मिळत नाही. परिणाम असा की नागपूर, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेले न्यायाधीश पदासाठी हो म्हणत नाहीत आणि निवड मुंबईत स्वतःचे घर असणाऱ्यांपुरती उरते. घरभाड्याची ही एक ओळ उमेदवारांची यादी अर्धी करून टाकते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मागणीत सार्वजनिक बांधकाम विभागाचे निवासस्थान किंवा पदाच्या पूर्ण वेतनावर घरभाडे, असे दोन पर्याय द्या.

गाडी, चालक आणि शिपाई कोणाकडून येतात, तेही बघा. पोलीस मोटार परिवहन विभागाची गाडी आणि पोलीस चालक असेल तर ज्यांच्याविरुद्ध सुनावणी घ्यायची त्यांच्याच गाडीतून अध्यक्ष येतात. तक्रारदार हे गेटवर पाहतो.

माहितीचा अर्ज

एक अर्ज गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, मंत्रालयात, आणि दुसरा प्राधिकरणाकडे. दोन्ही एकत्र करू नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा असतो. अर्ज जोडपत्र "अ" मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून. कागदी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला तर पोचपावती जपा. हातोहात दिला तर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टपाल खिडकीवरून हलू नका.

गृह विभागासाठी मजकूर असा चालतो:

"विषय: राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचे अध्यक्ष व सदस्य यांचे वेतन, मानधन व भत्ते. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते अर्जाचा दिनांक. तपशील: (१) अध्यक्ष व सदस्यांचे वेतन, मानधन, भत्ते व सेवाशर्ती ठरवणारे शासन निर्णय, आदेश व शुद्धिपत्रके यांच्या प्रती. (२) सदर आदेशांच्या नस्तीतील टिप्पणी भाग व वित्त विभागाचे अभिप्राय यांच्या प्रती. (३) प्राधिकरणाचा मंजूर आकृतिबंध. पदनिहाय भरलेली व रिक्त पदे, रिक्ततेच्या दिनांकासह. (४) वर्षनिहाय मंजूर तरतूद व खर्च, उद्दिष्टनिहाय, लेखाशीर्ष व योजना सांकेतांकासह. (५) प्राधिकरणाच्या खर्चाचे नियंत्रक अधिकारी आणि आहरण व संवितरण अधिकारी यांची पदनामे."

दुसरा मुद्दा सोडू नका. शासन निर्णय संकेतस्थळावर कधी ना कधी मिळतो; टिप्पणी, म्हणजे नस्तीवर (फाईलवर) अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे, मिळत नाहीत. गृह विभागाने किती मागितले, वित्त विभागाने कुठे कात्री लावली आणि कोणत्या कारणाने, हे फक्त टिप्पणीत असते.

"का दिले नाही", "कधी देणार" असे प्रश्न अर्जात घालू नका. कारण विचारणे म्हणजे माहिती नव्हे, असे उत्तर येते आणि बाकीच्या मुद्द्यांनाही टाळाटाळ सुरू होते. प्रत मागा, यादी मागा, दिनांक मागा.

प्राधिकरणाकडच्या अर्जात पाच गोष्टी विचारा: वर्षनिहाय आलेल्या तक्रारी, अधिकारक्षेत्राबाहेर म्हणून परत केलेल्या, चौकशी करून निकाली काढलेल्या, सुनावणीचे एकूण दिवस, आणि शासनाला केलेल्या शिफारशी व त्यांतल्या मान्य, अमान्य, प्रलंबित.

मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) ने बंधनकारक आहे. "सदर माहिती या कार्यासनाशी संबंधित नाही" एवढेच लिहून आलेले उत्तर म्हणजे अपिलाचा तयार मुद्दा. पहिले अपील ३० दिवसांत, जोडपत्र "ब", शुल्क वीस रुपये. दुसरे ९० दिवसांत, माहिती आयोगाकडे. दुसऱ्या अपिलाला तारीख लागायला इतका वेळ जातो की पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच सगळी तयारी करून जावे.

नकार येईल तो कसा येईल

वेतन ही वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ), असे सांगून नकार येतो. आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा गिरीश देशपांडे निकाल दिला जातो. त्यात डिजिटल पर्सनल डेटा कायद्याने २०२५ च्या नोव्हेंबरपासून हे कलम आणखी कडक झाले: वैयक्तिक माहिती म्हटले की संपले, कलमातलीच जनहिताची अट निघून गेली.

यावर दोन उत्तरे आहेत. कलम ४(१)(ख) मधली दहावी बाब प्रत्येक अधिकाऱ्याचे मासिक वेतन आणि अकरावी बाब अर्थसंकल्पीय तरतूद स्वतःहून जाहीर करायला सांगते, आणि ती आजही कायम आहे. शिवाय कलम ८(२) मधली जनहिताची तरतूदही शाबूत आहे. अपिलात दोन्ही लिहा.

त्याहून बरे म्हणजे अर्जच असा लिहावा की आक्षेपाला जागा राहू नये. माणसाचे नाव, पगारपत्रक, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँक खाते, प्राप्तिकर यांतले काहीही मागू नका. पद, सूत्र, आदेश आणि खर्चाचे शीर्ष मागा. वरचा नमुना तसाच आहे. एखाद्या न्यायाधीशांचे निवृत्तिवेतन नेमके किती, याची तुम्हाला गरज नाही. वेतनश्रेणी आणि सूत्र मिळाले की बाकी कॅल्क्युलेटर सांगतो.

कागद आल्यावर काय वाचायचे

शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदाकडे आधी जा. "हा शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये दिलेल्या सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे" असे वाक्य तिथे असायला हवे. ते नसेल तर त्या वेतनाला आर्थिक पाया नाही आणि कोषागारात बिल अडकू शकते. त्याखाली खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यातून, भागवायचा ते असते. पोलिसांचे मुख्य लेखाशीर्ष २०५५. प्राधिकरणाचा खर्च त्यात एखाद्या उपशीर्षाखाली टाकला असेल तर तो पोलीस खात्याच्या तरतुदीचा तुकडा झाला, आणि वर्षाअखेरीस पैसे वळवायचे ठरले की आधी असेच तुकडे कापले जातात.

आहरण व संवितरण अधिकाऱ्याचे पदनाम वाचताना घाई करू नका. बिलावर सही करणारा हा माणूस. तो महासंचालक कार्यालयातला असेल तर अध्यक्षांचे प्रवासभत्त्याचे बिल पोलीस मंजूर करतात. पगाराचा आकडा कितीही चांगला असो, स्वायत्ततेची गळती इथे होते, आणि ती थांबवायला जादा पैसाही लागत नाही: प्राधिकरणाच्याच सचिवालयातल्या अधिकाऱ्याला तो अधिकार द्यायचा, एवढेच. प्राधिकरणात सेवारत पोलीस अधिकारी असेल तर त्याचा पगार आणि गोपनीय अहवाल कोणाकडून निघतो तेही विचारा. पूर्ण पगार घेणारा तो एकटा आणि निवृत्त सगळे वजाबाकीवर, असे चित्र असेल तर निवेदनात तक्ता करून दाखवा.

खर्चाच्या तक्त्यात ०१ वेतन, १० कंत्राटी सेवा, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च आणि १४ भाडेपट्टी व कर ही उद्दिष्टे, म्हणजे खर्चाचे प्रकार, पाहा. वेतनाची तरतूद मोठी आणि खर्च लहान असेल तर पदे रिकामी आहेत. कंत्राटी सेवेवर वेतनाहून जास्त खर्च असेल तर प्राधिकरण डेटा एंट्री ऑपरेटरांवर चालले आहे. मंजूर आणि वितरित रकमा राज्य सरकारच्या बीम्स या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर योजना सांकेतांक टाकून स्वतः ताडून पाहता येतात, त्यासाठी अर्ज लागत नाही.

"प्रत्येक तक्रारीमागे खर्च" काढायचा मोह होईल. काढा, पण भागाकाराच्या खालचा आकडा नीट निवडा. समजा वर्षाचा खर्च दोन कोटी आणि निकाली तक्रारी ८००. सरळ भागले तर २५,००० रुपये. पण त्यातल्या ६०० अधिकारक्षेत्राबाहेर म्हणून परत केलेल्या असतील तर खरी चौकशी २०० चीच झाली, आणि खर्च झाला तक्रारीमागे एक लाख. दोन्ही आकडे द्या. पहिला एकटा दिला तर सरकार खूश होते, दुसरा एकटा दिला तर प्राधिकरण बंद करा म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत जाते.

मागणी

निवेदन दोन पानांत संपवा. अपर मुख्य सचिव, गृह यांना मूळ. अपर मुख्य सचिव, वित्त यांना प्रत. वित्त विभागाला प्रत द्यायला लोक विसरतात, आणि फाईल अडते ती तिथेच.

मागण्या या क्रमाने ठेवा, कारण सोप्या मागण्या आधी मान्य होतात. पहिली, आहरणाचा अधिकार प्राधिकरणाकडे. दुसरी, नागरी सदस्याला निश्चित वेतन, इतर सदस्यांच्या पदाच्या वेतनाइतके. तिसरी, पदाचे वेतन ठरवून त्यातून निवृत्तिवेतन वजा, महागाई भत्ता उरलेल्या रकमेवर. चौथी, नेमणुकीनंतर सेवाशर्ती सदस्याच्या नुकसानीच्या दिशेने बदलू नयेत. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ मध्ये राज्य आयोगाला असे संरक्षण आहे, तेच शब्द वापरा. पाचवी, पद रिकामे होण्याच्या तीन महिने आधी निवड सुरू करावी. सहावी आणि सगळ्यात अवघड: हा खर्च दत्तमत, म्हणजे सभागृहाच्या मतदानावर अवलंबून, न ठेवता भारित करावा. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन भारित असते, त्यावर सभागृहात मतदान होत नाही. संविधानाचे कलम २०२(३) विधिमंडळाला कायदा करून इतर खर्चही भारित ठरवू देते. हे एका वर्षात होणार नाही, पण कागदावर मागणी असू द्या.

"पगार वाढवा" एवढेच लिहू नका. जास्त पैसे आणि नेमणूक पूर्णपणे गृह विभागाच्या हातात, ही जोडी कमी पैशांपेक्षाही वाईट. निवृत्तीनंतरची सोय म्हणून पद वाटले जाते आणि बसलेला माणूस पुढच्या नेमणुकीकडे डोळे लावून बसतो. म्हणून प्रत्येक वेळी वेतनाच्या मागणीशेजारी मुख्य न्यायमूर्तींच्या यादीची मागणी ठेवा आणि पुनर्नियुक्ती नको असे लिहा.

तारखा

विभागांचे पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळा संपता संपता तयार होऊ लागतात. मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आकडा दिसायचा असेल तर निवेदन सप्टेंबरपूर्वी पोचले पाहिजे, म्हणजे माहितीचा अर्ज एप्रिल-मेमध्ये गेला पाहिजे. उशीर झाला तर डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या ही दुसरी संधी. पण नवी पदे असतील तर उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता आधी लागते आणि पुरवणीत ती सहसा वेळेत होत नाही. सेवाशर्ती बदलायच्या असतील तर मात्र पुरवणी पुरते.

आमदारांना भेटताना नुसते निवेदन देऊ नका. सोबत तयार तारांकित प्रश्नाचा मसुदा न्या: पदे किती, रिक्त कधीपासून, वेतन कोणत्या सूत्राने, शिफारशी किती मान्य. चार उपप्रश्न, त्याहून जास्त नकोत. गृह विभागाच्या मागण्यांवर मतदान असेल तेव्हा शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सूचना द्यायला सांगा. ती मंजूर व्हावी अशी अपेक्षा नसते, पण त्यामुळे प्राधिकरणाचे नाव चर्चेत येते आणि मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावे लागते. याशिवाय विधानमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. तिच्याकडे आमदारांमार्फत अर्ज जातो. लेखी उत्तर आले की त्यातला आकडा माहिती अधिकारातल्या आकड्याशी जुळवा. दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही कागदांच्या प्रती जोडून पुढचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.